हॉलभर वाजलेला माझा आवाज

हॉलमध्ये माझाच आवाज घुमला. "व्हय साहेब. चुकलं साहेब. सांगते साहेब."

सगळे हसले. रोज माझ्या डब्यातली चटणी खाणारी शेजारची मुलगीसुद्धा हसली.

बिडकीनजवळच्या एका कंपनीत मी ऑफिसातला फोन आणि कॉम्प्युटर सांभाळते. त्या दिवशी मुख्य ऑफिसातून टेक्नॉलॉजीचे मोठे साहेब आले होते, एआय आणि सायबर सुरक्षेवर बोलायला. काही दिवस आधी त्यांनी मला न सांगताच माझी परीक्षा घेतली होती. आमच्या मॅनेजरचा हुबेहूब आवाज मशीनकडून बनवून घेतला आणि मला फोन केला. पासवर्ड मागितला. मी दिला. तेच रेकॉर्डिंग ते सगळ्यांना ऐकवत होते.

"हॅकर आता कॉम्प्युटर फोडत बसत नाही," ते म्हणाले. "तो असा माणूस शोधतो. सगळ्यात कच्चा दुवा. या खुर्चीवर उद्या एआय बसवा. ते घाबरत नाही. ते 'व्हय साहेब' म्हणत नाही."

'व्हय' त्यांनी माझ्यासारखंच लांबवून म्हटलं. पुन्हा हशा. मग रेकॉर्डिंग परत लावलं.

या वेळी त्यात मला माझा बाप ऐकू आला. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. कुणी शेतवाला दुरून येताना दिसला, की मेंढरू पिकात शिरलेलं नसलं तरी बाप आधीच हात जोडायचा, "चुकलं मालक." मी शिकले, कॉम्प्युटरवर बसले. वाटलं, ते सगळं मागं पडलं. कुठलं काय. माझ्याच गळ्यात बसलं होतं. त्या फोनवर माझं काय चुकलं होतं? काहीच नाही. 'चुकलं' म्हटलं तेव्हा समोरून अजून पासवर्डही मागितला नव्हता.

दाराकडं पाहिलं. बंद होतं. घरात पगार माझा एकटीचा. गप बसावं, असंच वाटत होतं. तरी उठले.

"बंद करा ते."

"ताई, मनावर घेऊ नका. शिकण्यासाठी आहे."

"मी मशीनला फसले नाय साहेब. मी तुम्हा लोकांना भ्याले. मागं एकदा फोनवर 'कोण बोलतंय' म्हणून विचारलं, तर या मॅनेजर साहेबांनीच मला सगळ्यांसमोर झापलं. 'माझा आवाज ओळखत नाहीस?' म्हणाले. विचारा त्यांना."

कुणी हसलं नाही. माझ्या बाजूनं कुणी बोललंही नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावलं. रेकॉर्डिंग कंपनीच्या सगळ्या कारखान्यांत ऐकवायचं ठरलं होतं. माझा होकार पाहिजे होता.

"तुझं नाव येणार नाही. हो म्हण, विषय संपव. नायतर माझ्या हातात काही राहणार नाही."

बस म्हणाले नव्हते. मी उभीच. 'व्हय' जिभेवर आलंच होतं. गिळलं.

"नाय."

तेव्हापासून मला फोनच्या कामावरून काढलंय. मागच्या बिनखिडकीच्या खोलीत बसवलंय. काम देत नाहीत. कंटाळून आपणच जाईल, असा त्यांचा अंदाज. लई घुसमटतं तिथं. तरी रोज जीपनं येते, गेटवरच्या कॅमेऱ्याला तोंड दाखवते आणि आत जाऊन बसते. राजीनामा देणार नाही. काढायचंय तर कारण सांगा, माझ्या तोंडावर सांगा. मी न केलेल्या चुकीची माफी मागणार नाही. मशीनपुढं नाही, साहेबापुढं तर नाहीच.