झेंडा खाली आला नाही

बेडोक भागातला आमचा फुटबॉल क्लब सुरू करणाऱ्यांपैकी काका एकटेच उरले होते. बोटीवरचे इंजिनिअर. प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायचे, सगळ्यांच्या जर्सी घरी नेऊन स्वतः धुवायचे. इतक्या वर्षांत क्लबने एकही कप जिंकला नव्हता. यंदा फायनलला दोन्ही क्लबांनी एकेक लाइन्समन द्यायचा होता; आमच्याकडून तेच होते. बरोबरी असताना शेवटच्या मिनिटाला मी गोल मारला. सगळे ओरडत धावले, तोच त्यांचा झेंडा वर गेला. ऑफसाइड!

"काका, आपलाच क्लब आहे ना?" कॅप्टन त्यांच्या अंगावर धावून गेला.

"पुढे होता तो. पुढे होता." झेंडा खाली आला नाही.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पुढे होतो, हे मला माहीत होतं. मी खाली बसून बुटाची नाडी बांधू लागलो.