मोकळ्या प्लॉटवर सिलिंडरची राखण

मीरा रोडला राहायला गेलो तेव्हा आमच्याकडे एकच सिलिंडर होता. तो संपला की नंबर लावायचा आणि दुसरा येईपर्यंत स्टोव्हवर रांधायचं. एकदा असेच तीन आठवडे रॉकेलच्या वासात काढल्यावर सकाळी गॅसवाला आला. भरलेला सिलिंडर ओट्याखाली आदळला, रिकामा उचलला आणि गेला.

मी रेग्युलेटर बसवला, तर वास. काढला, तरी तोंडातून बारीक सूं असा आवाज येतच राहिला. वरची टोपी घट्ट दाबली, तरी वास जाईना. नवरा ऑफिसला गेलेला. खिडक्या उघडून समोरच्या गुजराती बेनना हाक मारली. त्यांनी दारातूनच हुंगलं.

"भाभी, नीचे ले चलो. अभी के अभी."

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. बिल्डिंगमध्ये लिफ्टसाठी जागा सोडली होती, लिफ्ट नव्हती. दोघींनी दोन बाजूंनी धरून ते धूड पायरी-पायरीने उतरवलं आणि बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर नेऊन ठेवलं. मग मी नाक्यावरच्या मेडिकलमधून एजन्सीला फोन केला.

"मेकॅनिक येईल. आज नाहीतर उद्या," तिकडचा माणूस म्हणाला.

"आणि तोवर?"

"मोकळ्यावर ठेवा. पण लक्ष ठेवा हं. चोरीला गेला तर आमची जबाबदारी नाही."

म्हणून मी बसले. बेननी लोखंडी खुर्ची आणि छत्री आणून दिली, दुपारी थेपलेही दिले. वाऱ्याची दिशा बदलली की मी खुर्ची उचलून दुसऱ्या बाजूला नेत होते. येणारा-जाणारा प्रत्येकजण काहीतरी सुचवत होता. एकजण म्हणाला, पाणी ओता. दुसरा म्हणाला, उलटा करून ठेवा. तिसरा विडी ओढत जवळ आला, त्याला हाकलेस्तोवर माझा घसा बसला. एका बाईंनी तर विचारलं, "बेचना है क्या?"

संध्याकाळी नवरा स्टेशनवरून आला आणि छत्रीखाली मला बघून थांबला.

"इथे का बसलीयस?"

मी सिलिंडरकडे बोट दाखवलं.

मेकॅनिक आला तो अंधार पडायच्या बेताला. त्याने टोपी काढली, आतली पिन स्क्रूड्रायव्हरने दोनदा दाबली, साबणाचं पाणी लावून पाहिलं. बुडबुडा आला नाही. "कचरा अटकला था," म्हणाला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग पावती पुढे केली. तक्रार दूर झाली, समाधान झालं, असं त्यावर छापलेलं होतं. मी सही केली आणि खाली लिहिलं, 'दिवसभर उन्हात बसवल्यानंतर.' त्याने ते वाचलं आणि माझ्यासमोरच खोडलं.

सिलिंडर वर नवऱ्याने आणि बेनच्या मिस्टरांनी नेला. त्या रात्री मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही.

पुढच्या वेळी गॅसवाला आला तेव्हा मी दारात उभी राहिले. "तपासल्याशिवाय जायचं नाही," म्हणाले. खाली गाडी थांबलीय म्हणून तो कुरकुरत होता. मी सावकाश साबण कालवत होते.