वाढत्या अंगाचं

आमचं दुकान बुडालं, कारण अण्णांनी शिवलेले कपडे टिकायचे.

हे मी कॉमर्सची पदवीधर म्हणून सांगते आहे. (सेकंड क्लास. पण नव्वदच्या दशकात आमच्या आळीत तेवढाही कुणाला नव्हता!) मुरबाडच्या बाजारपेठेत माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, शिलाईचं दुकान होतं. पाटीवर लिहिलं होतं, 'येथे नव्या फॅशनचे कपडे वेळेवर शिवून मिळतील'. त्यातलं 'येथे' तेवढं खरं होतं. फॅशन अण्णांनी स्वतःच्या लग्नात शेवटची पाहिली होती. आणि वेळेचं म्हणाल, तर दिवाळीचे कपडे दिवाळीतच मिळायचे, फक्त कुठल्या दिवाळीत ते विचारायचं नाही.

तरी गिऱ्हाईक यायचं. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतल्या बाया पोराला दंडाला धरून आणायच्या आणि दुकानाच्या पायरीवरूनच ओरडायच्या, "अण्णा, वाढत्या अंगाचं शिवा हां!"

वाढत्या अंगाचं म्हणजे पोरगं आज आहे तेवढं मापायचं नाही, पुढे होणार आहे तेवढं मापायचं. अण्णा पोराला टेप लावायचे, मग त्याच्या बापाकडे एक नजर टाकायचे, आणि बाप उंच निघाला की खडूची रेघ आणखी सरकायची. जास्तीचं कापड आत दुमडून त्यावर टीप, त्याच्या आत आणखी एक दुमड, तिच्यावर आणखी एक टीप. घरी गेल्यावर पोराची आई कंबरेला मागे चुणी घालून चार टाके मारायची. पोरगं वाढलं की टाके काढायची, मग एक टीप उसवायची, मग दुसरी. म्हणजे अर्धी चड्डी अण्णा शिवायचे आणि अर्धी त्या घरची आई. पहिलीत घातलेली चड्डी चौथीत धाकट्या भावाला जायची, आणि तिच्यात तरीही थोडं कापड शिल्लक असायचं.

"अण्णा, गिऱ्हाईक परत आलं पाहिजे," मी सांगायची. "पुस्तकात लिहिलंय."

"परत कशाला येल? माझी शिवण उसवलीय का?"

"उसवत नाय म्हणूनच येत नाय ना!"

"मंग चांगलं हाय की," अण्णा म्हणायचे आणि मशीनला पाय लावायचे.

माझ्या पुस्तकात 'लघुउद्योगांपुढील आव्हाने' असा एक अख्खा धडा होता. त्यात जपान होता, जर्मनी होती, ब्राझीलमधले चपला शिवणारे होते. मुरबाड नव्हतं. भांडवल, बाजारपेठ, दर्जा अशी यशाची कारणंही दिली होती. मी ती अण्णांना वाचून दाखवली. आमच्याकडे त्यातला फक्त दर्जा होता, आणि तोच आम्हाला नडत होता! कारण तोवर उल्हासनगरचे तयार कपडे हातगाडीवर ढीग लावून मिळायला लागले होते. स्वस्त, रंगीत, खिशावर इंग्रजी अक्षरं. गणपतीत घेतलेली पँट शिमग्याला गुडघ्यात फाटायची, आणि फाटली की बाया पुन्हा त्याच हातगाडीवर जायच्या. जपान असो की मुरबाड, धंदा असा करायचा असतो.

दुकान आता वर्ष काढतंय की नाही अशी वेळ आली, तेव्हा शहापूर तालुक्यातून, खर्डीच्या पुढच्या एका आश्रमशाळेतून हेडसर आले. ते मूळचे मुरबाडचे, लहानपणी अण्णांच्याच चड्डीत वाढलेले.

"अण्णा, सगळ्या मुलांचे गणवेश तुम्ही शिवायचे. पंधरा ऑगस्टला पाहुणे येणार आहेत. काम पसंत पडलं तर दरवर्षी तुमच्याकडेच."

दरवर्षी! अण्णांनी हेडसरांना चहाबरोबर भजी मागवली, म्हणजे बघा. हे काम टिकलं तर दुकान टिकणार होतं. नाहीतर जागा सोडायची, असं त्यांनी आईला आधीच सांगून ठेवलं होतं. आईने देवापुढे नारळ ठेवला. मी सल्ला दिला.

"अण्णा, पुस्तकात म्हटलंय, गिऱ्हाइकाला अपेक्षेपेक्षा जास्त द्या."

जास्त म्हणजे नक्की किती, ते पुस्तकात नव्हतं. अण्णांनी ते खडूने ठरवलं.

सबंध आषाढभर घरात खाकी कापडाशिवाय काही दिसत नव्हतं. अण्णा कापायचे आणि शिवायचे, आई काजं करायची, मी बटणं लावायची. (आमटीत एकदा बटण निघालं. आईने ते धुऊन लावलं.) अण्णांचा हात असा सुटला होता की मशीन थांबलं की शेजारचे 'बरं हाय ना?' म्हणून विचारायला यायचे. पंधरा ऑगस्टला आम्ही तिघं पहिल्या एसटीने शहापूरला गेलो, तिथून जीपने शाळेत. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांना पाहुण्यांच्या मागच्याच रांगेत खुर्ची मिळाली, आणि ते तिच्यावर पाहुण्यांपेक्षा ताठ बसले.

पोरं रांगेने मैदानात आली. खाकी चड्डी, आत खोचलेला पांढरा शर्ट, सगळं कोरं. अण्णांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली.

"सावधान!"

सगळ्यांचे हात मांडीला चिकटले, मुठी घट्ट आवळलेल्या.

"बघा कशी शिस्त आहे," पाहुणे हेडसरांना म्हणाले.

"विश्राम!" हात पाठीमागे गेले. मुठी आवळलेल्याच. मी पोरांच्या पाठीमागे, गावकऱ्यांत बसले होते, त्यामुळे त्या मुठींत काय आहे ते मला आता दिसलं. प्रत्येक मुठीत चड्डी होती!

झेंडा वर गेला. सलामीला उजवा हात कपाळावर, डावा चड्डीला. राष्ट्रगीत निभावलं. मग पाहुण्यांचं भाषण झालं. त्यांनी शिस्त ह्या विषयावर बरंच सांगितलं आणि ते थांबले. पी.टी.चे सर पुढे झाले, त्यांनी दोन्ही हात वर केले आणि गरजले, "जोरदार टाळ्या!"

आता टाळीला हात दोन लागतात.

पोरं गुणी होती. सरांचा शब्द मोडणारी नव्हती. पहिल्या टाळीला पुढची रांग गेली, दुसऱ्या टाळीला मधली, आणि तिसरी टाळी वाजेपर्यंत अख्ख्या मैदानात एकही चड्डी जागेवर नव्हती! लाज राखली ती अण्णांच्याच शर्टांनी. तेही वाढत्या अंगाचे, पार गुडघ्याच्या खाली. काही दिसलं नाही कुणाचं. नुसती पांढऱ्या झग्यातली पोरं, पायात खाकी गोळा, आणि टाळ्या चालूच. गावकरी हसले, मास्तर हसले, शेवटी पोरंही हसायला लागली. पाहुणे तेवढे हसले नाहीत.

आणि अण्णाही नाहीत. ते उठून सरळ मैदानात गेले आणि पहिल्या पोरापुढे गुडघ्यावर बसले.

"काय रे, आयनं चुणी नाय घातली?"

"आय घरी हाय, लांब," पोरगं म्हणालं.

अण्णांनी शेजारच्याकडे बघितलं. "आन तुझ्या?"

"मला नाय आय."

इतकी वर्षं अण्णांनी कपडा शिवला तो पुढे आई आहे असं धरून. माप घ्यायला आले तेव्हा त्यांनी पोरांच्या कंबरा मोजल्या होत्या, छात्या मोजल्या होत्या, पण इथे पोरांबरोबर कुणाचीच आई आलेली नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. मला तेव्हा हसू येत होतं, आणि मग एकदम यायचं थांबलं.

"लते, सुईत दोरा घाल," अण्णा म्हणाले.

दिवस कलेपर्यंत आम्ही शाळेच्या पायरीवर बसलो होतो. मी दोरा ओवायची, अण्णा आणि आई चुण्या घालून टाके मारायचे, आणि पोरं झगे सावरत रांगेत उभी. जिला टाके पडले ती चड्डी घालून पोरगं पळून बघायचं, उडी मारून बघायचं आणि दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवायचं. हेडसर बाजूला मान खाली घालून उभे होते.

"अण्णा, वरून बोलणी बसलीत. पुढल्या वर्षी तयार कपडे घ्यायला सांगतायत. मापातले."

"बरोबर हाय त्यांचं," अण्णा म्हणाले आणि दोरा दाताने तोडला.

पुढच्या दिवाळीनंतर दुकान गेलं. त्या जागेत एसटीडी बूथ आला, मग तोही गेला आणि मोबाईलवाला आला. मशीन आमच्या पडवीत येऊन बसलं. पण दर जूनमध्ये, शाळा उघडली की, अण्णा पिशवीत कात्री आणि सुई घेऊन खर्डीला निघायचे.

"दुकान गेलं, आन तुमी चाललात कुठं?" आई विचारायची.

"पोरं वाढली असतील गो. टीप कोण उसवंल त्यांची?"

तयार कपडे एका पावसाळ्यात विरायचे आणि पोरं पुन्हा अण्णांचीच खाकी घालायची. ह्याला माझ्या पुस्तकात 'विक्रीपश्चात सेवा' म्हणतात. यशाच्या कारणांत ती फार वर होती. फक्त ती दुकान चालू असताना द्यायची असते, एवढंच.

अण्णांनी जन्मात बाईमाणसाचा एकच कपडा शिवला, माझ्या लग्नातला ब्लाउज. तेव्हा मी काडी होते. ब्लाउज उलटा केला तर आत बाहेरच्याइतकंच कापड, आणि एकाखाली एक टिपा.

"अण्णा, हे काय?"

"वाढत्या अंगाचं हाय."

"मी आता कसली वाढतेय!"

"तू बापाला शिकवू नको," अण्णा म्हणाले. मी त्यांना आयुष्यभर शिकवतच आले होते, आणि त्याचं काय झालं ते तुम्ही वाचलंच.

अण्णा गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्यांची आठवण मला फोटोकडे बघून येत नाही, टीप उसवताना येते. पहिलं बाळंतपण झालं, एक टीप उसवली. दुसरं झालं, दुसरी. प्रत्येक वेळी आतून कापडाची कोरी पट्टी निघायची, ऊन न लागलेली, लग्नात होता त्याच रंगाची, आणि मला वाटायचं, आहेत अजून अण्णा, थोडे शिल्लक आहेत.

परवा शहापूरला नवऱ्याच्या भाचीचं लग्न होतं. सकाळी आईने चष्मा लावून शेवटची टीप उसवली आणि ब्लाउज उलटसुलट करून बघितला.

"आता आत काय नाय गो. एवढ्यात पोरीचं भागंल, असं वाटलं असंल त्यांना."

अख्ख्या तालुक्याला अण्णांनी जास्तच मापलं, आणि कमी पडले ते एका माझ्या बाबतीत! कशीबशी हुकं लावली आणि मांडवात जाऊन उभी राहिले. मंगलाष्टकं संपता संपता कडेची शिवण पहिल्यांदाच उसवली. अण्णांची शिवण, माझ्या अंगावर! अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या आणि सगळ्या मांडवाने टाळ्या वाजवल्या.

मी नाही वाजवल्या. माझा एक हात पदराखाली होता.