एकही फोड येऊ देणार नाही

आमच्या शाळेत शिक्षक दोन, वर्ग चार आणि किस्से मात्र कपाटात मावणार नाहीत इतके! दुसऱ्याच्या फजितीचा किस्सा चहाबरोबर संपतो हो. आपल्या फजितीचा संपत नाही. सांगून टाकला की दोन दिवस बरं वाटतं, मग परत येऊन बसतो उशाशी. माझ्याकडचे निम्मे किस्से एकाच मुलीचे आहेत, आणि फजिती प्रत्येकात माझीच. तर सांगूनच टाकते.

शाळा सूर्यमाळच्या एका पाड्यावर. मोठे गुरुजी, मी आणि खिचडी शिजवणाऱ्या जनीमावशी, एवढाच स्टाफ. मुलगी म्हणजे तिसरीतली दीपाली. घरात सगळे सावळे, आणि ही जन्मापासून पांढरी. केस, भुवया, पापण्या, सगळं मक्याच्या कणसाच्या केसांसारखं.

* * *

बदली होऊन नवीन आले तेव्हा मला एवढंच कळलं, की ही फोटोत छान येते!

साहेब शाळा बघायला येणार होते. मी दीपालीच्या हातात फुलांचा गुच्छ दिला आणि फाटकाशी उभं केलं. साहेबांना यायला दीड तास उशीर झाला. बाकीची पोरं कधीच सावलीत पळाली. ही उभीच, कारण बाईंनी सांगितलं होतं! वर मी वऱ्हांड्यातून ओरडतेय, "दीपाली, डोळे बारीक करू नकोस! फोटो चांगला येत नाही!"

साहेब आले, तिच्या गालाला हात लावून म्हणाले, "अरे वा, ही तर टमाट्यासारखी लाल आहे!"

आणि मी अशी हसले, जणू टमाटे मीच पिकवले होते.

दुसऱ्या दिवशी तिची आई सुमन आली. भांडली नाही. तिनं नुसती दीपालीची मान माझ्यासमोर वळवली. मानेवर पाण्यानं भरलेले फोड.

"हिला उन चालत नाय, बाई. तुमाला म्हाइत नसंल."

मोखाड्याच्या डॉक्टरांनी मग मला समजावलं. अंगात रंगच कमी, म्हणून कातडी भाजते. डोळ्यांना उजेड सोसत नाही, लांबचं नीट दिसत नाही. "वर्गात फळा दिसतो का तिला?" त्यांनी विचारलं. "बघते हं," मी म्हटलं. तिच्या प्रगतिपुस्तकात मी 'लक्ष नाही' असं लिहिलंय, हे काही मी त्यांना सांगितलं नाही!

* * *

यंदा सहल डहाणूला ठरली. पाड्यावरच्या एकाही पोरानं समुद्र पाहिला नव्हता. दीपालीनं तर महिनाभर मावशींचं डोकं खाल्लं, "समुद्राला पल्याडचा काठ आसतो का वो?"

सुमन मात्र नको म्हणाली. "लय उन आसंल तिकडं."

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "एकही फोड येऊ देणार नाही. माझ्यावर सोड."

फाटकाची आठवण आम्हा दोघींनाही आली असणार. मग ती म्हणाली, "बरं. तिला समुद्र दावा."

* * *

जव्हारला मेडिकलमध्ये गेले. "उन्हापासून वाचवणारं क्रीम द्या. लहान मुलीसाठी."

त्यानं गोरं करणारी ट्यूब पुढं केली.

"अहो, गोरी नाही करायची! ती आहेच गोरी. फार गोरी!"

"मग टिकवायला घ्या, बाई!"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. मी त्याला झापणारच होते, दोन शब्द ऐकवणार होते रंगाच्या वेडाबद्दल. ऐन वेळी आठवलं, माझ्या पर्समध्ये तीच ट्यूब होती!

* * *

सहलीच्या दोन दिवस आधी म्हटलं, उन्हाचं क्रीम लावून बघू, पुरळ वगैरे उठायला नको. दीपालीच्या गालाला बोट लागलं मात्र, खिचडीला लागते तशी लाइन लागली. पंचवीस हात पुढं!

"तुमचं काय मध्येच? तिला ऊन लागतं म्हणून लावतेय."

लाइनीतून एक पोरगी म्हणाली, "आमाला बी लागतंच की!"

इतक्या वर्षांत मी त्यांच्यातल्या एकालाही हे विचारलं नव्हतं. गुपचूप प्रत्येकाच्या नाकावर ठिपका दिला. शेवटी पाहते तर मोठे गुरुजी टोपी काढून उभे!

"टक्कल मोठं आहे बाई, पण उरलं असेल तर बघा!"

ट्यूब सपाट. दुसऱ्या दिवशी परत जव्हार, परत तोच दुकानदार. "काय बाई, टिकला का गोरेपणा?"

* * *

सहलीच्या सकाळी दीपालीला मी सजवलं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, लेगिंग, मोजे, तोंडाभोवती स्कार्फ, वर माझा गॉगल. स्कूटीवरून कॉलेजला निघालेली नाशिकची ताईच!

गुरुजी बसमध्ये मोजत होते. "सव्वीस पाहिजेत, पंचवीसच भरतात. दीपाली कुठाय?"

"हितंच हाय, गुरुजी," स्कार्फ बोलला.

हायवेच्या हॉटेलात वडापाव खायला स्कार्फ सोडला, तर वाढणारा बघतच राहिला. "मॅडम, ये बच्ची कौनसे देश की है?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "सूर्यमाळ."

"वो किधर आया?"

"खोडाळ्याच्या वर."

तो गंभीरपणे मान हलवत म्हणाला, "हां, तभी! उधर तो बर्फ गिरता होगा!"

सगळी बस हसली, मीपण. दीपालीनं विचारलं, "बाई, आपला देश कंचा?" मी म्हटलं, "वडा खा!"

* * *

नऊला पोचून ऊन चढायच्या आत तिला समुद्र दाखवायचा, असा माझा बेत होता. घाटात चार पोरांना उलट्या झाल्या. पोचलो साडेअकराला. बस सुरूच्या झाडांमागं लागली. समुद्राचा आवाज येत होता, दिसत नव्हता. पोरं बोंबलत पळाली. दीपालीही उठली.

"थांब. ऊन उतरू दे."

बाराला तिनं विचारलं, "बाई, उतरलं?" एकला विचारलं. दोनला विचारलं. खिडकीचे पडदे मी पिना लावून बंद केले होते.

छत्री धरून पाच मिनिटं नेता आली असती, हे मला आज सुचतंय. तेव्हा मला फक्त फोड दिसत होते.

शेवटी जनीमावशी म्हणाल्या, "बाई, बसमदी उन चालून येनार नाय, ह्ये खरं. पन समुद्र बी नाय येनार."

"मावशी, मी शब्द दिलाय तिच्या आईला!"

"दोन शब्द दिलं व्हतं," मावशी म्हणाल्या आणि पडद्याकडे तोंड करून बसल्या.

साडेतीनला ऊन कललं. म्हटलं, वाळू किती तापलीय ते पाहून येते आणि हिला नेते. मावशी हिच्याजवळ होत्याच. दोन मिनिटांचं तर काम!

पाण्याजवळची वाळू गार होती. पोरांनी मला पाहिलं, दोन्ही हात धरले आणि ओढलं. एक लाट आली, मी किंचाळले. दुसरी आली, मी हसले. कॉलेजात असताना पाहिला होता हो समुद्र, त्यानंतर आत्ताच! तिसरी, चौथी... मग मोजायचं राहिलंच.

हॉर्न वाजला तेव्हा चार वाजून गेले होते.

"घाट उजेडात चढायचाय, बाई," ड्रायव्हर म्हणाला. गुरुजींनी पोरं मोजली होती. दहाच मिनिटं मागितली असती, तर गुरुजी नाही म्हणाले नसते. पण साडी गुडघ्याच्या वरपर्यंत ओली होती, आणि मागायला तोंड नव्हतं.

दीपाली सीटवर चपला हातात घेऊन तयार बसली होती. "बाई, उतरलं का उन?"

"पुढच्या वर्षी हं, बाळा."

"बरं," ती म्हणाली.

येताना माझ्या शेजारीच बसली. माझ्या ओल्या निऱ्या मुठीत धरून, त्यात तोंड खुपसून झोपली. म्हणजे, झोपली असं मला वाटलं.

* * *

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी सुमन हजर. तिनं दीपालीच्या बाह्या वर केल्या, मान पाहिली, पाठ पाहिली. एक फोड नाही! आणि पदराखालून नाचणीच्या पिठाची पिशवी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"तुमी बोललाव तसं केलंव, बाई."

गुरुजी हजेरीच्या वहीत डोकं घालून बसले. मावशी चुलीपाशी भांडं घासत होत्या, त्यांचा हात थांबला.

सुमननं लेकीला विचारलं, "कसा व्हता गं समुद्र?"

"खारट," दीपाली म्हणाली.

"आन मोठा किती?"

दीपालीनं जरा विचार केला. मग माझ्याजवळ आली आणि माझ्या साडीवर, गुडघ्याच्या वर चार बोटं, हात ठेवला.

"हितपरेंत."