सासूबाईंच्या वाट्याचं मीठ

गेल्या श्रावणात मी महादेवापुढे हात जोडून एक व्रत घेतलं. त्या व्रताने आमच्या घरात काय काय करून ठेवलं, ते ऐकाच. बसा, चहा घ्या. सांगते, पण हसायचं नाही.

माझ्या सासूबाई ऐंशीच्या घरातल्या. मूळच्या मालवणकडच्या. मुलुंडमध्ये जन्म गेला, पण बोली तीच आणि जेवणही तेच. पानात लोणचं हवं, पापड हवा, आणि एवढं असूनही आमटीत वरून चिमूटभर मीठ हवंच. आमच्या डॉक्टरबाईंनी त्यांचं बीपी तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काकू, मीठ कमी करा. असंच चाललं तर एक दिवस चक्कर येऊन पडतील. या वयात पडणं परवडत नाही."

घरी आले. सासूबाई पापड मोडत आनंदात बसल्या होत्या. माझा धीरच होईना. या वयात माणसाच्या तोंडची चव काढून घ्यायची? मग मला वाट सुचली. त्यांच्या वाट्याचं मीठ आपणच सोडायचं! आईंचं बीपी उतरेपर्यंत मी अळणी खाईन, असं महादेवाला घरभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगून मोकळी झाले.

बघा, हसलात ना? अहो, मुलाच्या परीक्षेसाठी आई उपास धरते, नवऱ्याच्या नोकरीसाठी बायको अनवाणी देवळात जाते. मग सासूच्या बीपीसाठी सुनेने मीठ सोडलं तर त्यात नवल काय?

नवल पुढे आहे. मीठ सोडल्यावर आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाखायची सोय राहिली नाही. सगळं अंदाजाने. त्यात मनात धाकधूक, आपल्या व्रतापायी यांना अळणी जेवावं लागू नये. म्हणून एकदा घातलं की थोडं आणखी घालायची. थोड्या वेळाने आठवायचं नाही, घातलं की नाही. मग पुन्हा घालायची.

घरात कोणी चकार शब्द काढला नाही. आमचे हे मुकाट्याने तांब्याभर पाणी प्यायचे आणि उठायचे. मला वाटे, उकाडा आहे.

पुढच्या तपासणीला बीपी आणखी वर. डॉक्टरबाई चक्रावल्या. मला विचारलं, "मीठ बंद केलंत ना?"

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "पूर्ण बंद. कणसुद्धा पोटात जात नाही."

त्यांनी गोळी वाढवली. मी भक्ती वाढवली.

आणि एका सकाळी सासूबाई तुळशीला पाणी घालता घालता गॅलरीचा कठडा धरून खाली बसल्या. चेहरा पांढरा. "माका गरगरता गो," एवढंच म्हणाल्या. यांनी रिक्षा आणली, तसेच दवाखान्यात गेलो. वाटेत सासूबाईंचा हात हातात घट्ट धरून मी महादेवाला म्हणत होते, बाबा, आणखी काय सोडू?

डॉक्टरबाईंनी बीपी मोजलं. मग पुन्हा मोजलं. "हे फारच आहे. मीठ बंद, गोळी वाढवलेली, तरी इतकं? मोठ्या हॉस्पिटलमध्ये दाखवावं लागेल."

हॉस्पिटल ऐकलं आणि मलाच अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा मी खुर्चीत, पट्टा माझ्या दंडाला, आणि डॉक्टरबाई माझ्याकडे बघतायत. "काकू, तुमचं बीपी तर पार खाली गेलंय. खाता काय तुम्ही?"

मी काही बोलायच्या आत पलंगावरून सासूबाईंचा आवाज आला. "ता काय खातला? मीठ सोडल्यान हा माझ्यासाठी."

"कोणी सोडलंय मीठ?"

"ह्या सुनेन. माझ्या आमटीत तर दर्या आसा."

मी यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते.

"आई, इतकं खारट होतं तर बोलला का नाहीत?"

"तू माझ्यापायी अळणी गिळतंस, आणि मी तुझ्या जेवणाक नावं ठेवू?"

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "काकू, आजींच्या गोळ्या तरी आजीच घेतात ना? की त्याही तुम्हीच?"

त्यांनी सासूबाईंना औषध दिलं, पडून राहायला सांगितलं आणि माझ्यासाठी मीठ घातलेलं लिंबू सरबत मागवलं. मी कुरकुरले, व्रत मोडेल. सासूबाई म्हणाल्या, "पी गो. महादेवाक मी सांगतंय."

आणि खरंच सांगितलं त्यांनी. घरी आल्यावर देवापुढे बसून मोठ्याने म्हणाल्या, माझ्या सुनेचं बीपी वर येऊ दे, तोवर मी लोणचं-पापडाला हात लावणार नाही आणि आमटीत वरून मीठ घेणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमटी मी चाखून करू लागले, मीठही बेताचं. त्या तशाच जेवल्या, वर म्हणाल्या, "सुनेसाठी करतंय." पुढच्या तपासणीला बीपी उतरलेलं. डॉक्टरबाईंना महिनोन् महिने जे जमलं नाही, ते माझ्या चक्कर येऊन पडण्याने जमलं.

तेव्हा माझं एवढं ऐका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी तुम्हीही व्रत घ्या, जरूर घ्या. फक्त त्याआधी त्यांच्या वाटीतली आमटी एकदा चाखून बघा. आणि डॉक्टरांनी "बंद केलं का?" विचारलं, तर कोणी केलं, तेवढं आधी सांगा.