मास्तरांच्या पायाला माहीत नसलेला रस्ता

त्या शहरात गाडी चालवणारा माणूस मास्तरांकडे शिकलेला आहे की नाही, हे त्याला विचारावं लागत नसे. तो उजवीकडे वळायचं टाळायचा. समोर उजव्या हाताला दुकान दिसत असलं तरी हा पठ्ठ्या डावीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे असा अख्ख्या वस्तीला वळसा घालून तिथे पोचायचा आणि वर म्हणायचा, "सवय हो, दुसरं काय!"

ही सवय मास्तरांनी लावलेली. त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे रस्त्यालगतची एक खोली. आत एक टेबल, एक टेलिफोन आणि भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा पिवळा पडलेला तक्ता. दारापुढच्या मोकळ्या जागेत एक पांढरी गाडी. शिकवायच्या गाडीत असतो तसा तिच्यात डाव्या सीटसमोरही एक क्लच आणि एक ब्रेक होता. उजवीकडे शिकणारा घाम पुसत बसायचा आणि डावीकडे मास्तर.

फेरी ठरलेली. दारातून निघायचं, टपाल कचेरीपाशी डावीकडे, लाल फाटकापाशी डावीकडे, इस्पितळाच्या कोपऱ्यावर डावीकडे, की परत स्कूलच्या दारात. परीक्षाही ह्याच फेरीवर व्हायची, त्यामुळे मास्तर गाडी कमी आणि फेरी जास्त शिकवायचे. औषधाचं दुकान आलं की दुसरा गिअर, पाण्याच्या टाकीखाली हॉर्न, लाल फाटक दिसलं की क्लच. एकदा त्या फाटकाच्या मालकाला काय अवदसा आठवली कोण जाणे, त्याने त्याला निळा रंग दिला. त्या आठवड्यातले शिष्य फाटक शोधत शोधत पार नदीपर्यंत गेले! मास्तरांनी मालकाच्या हातापाया पडून फाटक पुन्हा लाल करून घेतलं.

स्वतः मास्तर ह्या फेरीबाहेर गाडी नेतच नसत. मुलीकडे जायचं तर बस. लग्नकार्याला जायचं तर कोणाच्या तरी गाडीत मागे. "रस्ता पाठ असला की माणूस निर्धास्त," असं ते ऐटीत सांगत. खरं कारण त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. अनोळखी रस्त्याची मास्तरांना भीती वाटायची.

ह्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत. फोन घेणं, अर्ज भरणं, रडवेल्या शिष्यांना पाणी देणं हे सगळं त्या बघत आणि उरलेल्या वेळात टेबलाखाली पुस्तक धरून वाचत. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीणबाई, पण लायसन नाही! ह्या विनोदावर लोक वर्षानुवर्षं हसले, त्याही हसल्या. मग शहराच्या वाचनालयाने पुस्तकांची फिरती गाडी घेतली. टेकडीपलीकडच्या वस्त्यांना पुस्तकं पोचवायची, आज ह्या वाटेने, उद्या त्या. गाडी चालवणाऱ्याला पुस्तकांची माहितीही हवी. हे ऐकल्यावर बाईंचे डोळे असे काही चमकले की मास्तर दचकले. ग्रंथपाल म्हणाले, "महिनाअखेर लायसन दाखवा, गाडी तुमची. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

मास्तरांनी त्यांना फेरी शिकवली. त्या लख्ख शिकल्या. आणि परीक्षेच्या दिवशी नापास होऊन आल्या.

झालं असं, की जुने परीक्षक निवृत्त झाले होते. ते गाडीत बसल्या बसल्या डुलकी काढायचे आणि स्कूलच्या दारात जागे व्हायचे. त्यांच्या जागी आलेल्या बाई टक्क जाग्या होत्या. इस्पितळाच्या कोपऱ्यावर त्यांनी सांगितलं, "उजवीकडे घ्या." पुढच्या चौकात भाजीची हातगाडी आडवी आली. परीक्षक बाईंनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून बरं, नाहीतर टोमॅटोंचं काही खरं नव्हतं.

"अगं, पण तू ब्रेक का नाही दाबलास?" मास्तर ओरडले.

"तो नेहमी दबतो की."

"दबतो म्हणजे?"

"म्हणजे आपोआप दबतो. मी नुसता पाय ठेवते आणि गाडी थांबते. आज थांबलीच नाही हो!"

मास्तरांच्या ध्यानात आलं. बाईंनाही बोलता बोलता उमगलं. दोघांची नजर एकदमच मास्तरांच्या उजव्या पायाकडे गेली. लाल फाटक आलं की हा पाय दबत होता, टाकी आली की दबत होता, मास्तर गप्पा मारत असोत नाहीतर शिंकत असोत. इतक्या वर्षांत इतक्या माणसांना गाडी शिकवली आणि ब्रेक मात्र सगळ्यांचा आपणच दाबला! मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आता हो काय करायचं?" एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाय मागे ठेवायचा निश्चय केला. पण पाय कसला ऐकतोय! फाटक दिसलं की निघालाच. बाईंनी डोळे वटारले की मास्तर ओशाळून तो सीटखाली कोंबायचे, आणि टाकीपाशी तो पुन्हा पेडलवर हजर. चार फेऱ्या झाल्यावर बाईंनी गाडी कडेला घेतली. "अहो, तुमच्या पायाला हा रस्ता पाठ आहे. तो काही सुटायचा नाही. जिथलं त्याला काही माहीत नाही अशा ठिकाणी मला न्या."

"म्हणजे कुठे?"

"ते तुम्हालाही माहीत नको!"

त्यात गाडीनेही सूड उगवला. सकाळी ती सुरूच होईना. समोरच्या गॅरेजातला मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ च् च् करत राहिला. मग त्याने गाडीभोवती फिरून एकेका टायरवर हात फिरवला.

"मास्तर, हिला कधी चौथ्या गिअरला पळवली होती?"

"शहरात चौथा गिअर लागतो कशाला?"

"बघा, जराशी फिरवून परत उभी करता, बॅटरी भरणार कधी? सारखी हळू हळू, इंजिन नीट तापतसुद्धा नाही. काजळीने भरलंय आत. आणि हा उजवीकडचा पुढचा टायर बघा. बाहेरची कड घासून गुळगुळीत. डावीकडचा बघा, नवाकोरा हसतोय. सारखं डावीकडे, सारखं डावीकडे! गाडी आहे का घाण्याचा बैल?" मग तो बाईंकडे वळला. "वहिनी, उजवा इंडिकेटर तर कधीचा मेलाय. कोणाला पत्ताच नाही. मी बल्ब बदलतो, टायर बदलतो, बॅटरी भरून देतो. पण औषध एकच. लांब घेऊन जा. चढ द्या, उतार द्या, मोकळ्या रस्त्यावर दामटा जरा."

"ऐकलंत?" बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला होता. मास्तरांना पळायला जागा उरली नाही.

रविवारी सकाळी दोघं निघाली. मास्तरांनी गाडीत पाण्याचा कॅन, दोरखंड, विजेरी, छत्री, मलमपट्टीची पेटी आणि चहाचा थर्मास भरला. "आपण टेकडीवर चाललोय की चंद्रावर?" बाईंनी विचारलं. मास्तरांनी सीटचा पट्टा दोनदा तपासला.

इस्पितळाचा कोपरा आला. उजवा इंडिकेटर टिक टिक करू लागला आणि तो अपरिचित आवाज ऐकून दोघांनीही एकदम त्याच्याकडे पाहिलं. समोरून एक बस गेली, एक स्कूटर गेली. मग मोकळी जागा दिसली आणि बाईंनी गाडी उजवीकडे घेतली. घेतली की! आभाळ कोसळलं नाही. मागून कोणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

"झालं?" मास्तरांनी डोळे उघडत विचारलं.

"कधीच झालं."

पुढे काय आहे ते दोघांनाही माहीत नव्हतं. पूल आला. खुर्च्यांचा कारखाना आला, त्याच्या अंगणात रंगीबेरंगी खुर्च्यांचे डोंगर. मास्तरांचा पाय सुरुवातीला घाबरून जागोजागी दबत होता. साधं वळण दिसलं की ब्रेक, झाडाची सावली पडली की ब्रेक. एका चढावर त्याने गाडी बंदच पाडली. बाईंनी हँडब्रेक ओढला, गाडी पुन्हा सुरू केली आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बघा हो. रस्त्याकडे मी बघते." असं आजवर त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मास्तर मुकाट्याने खिडकीबाहेर बघू लागले.

आणि बाहेर बघण्यासारखं किती होतं! रस्ता बागांमधून चढत होता. एका वळणावर अख्खं शहर खाली दिसलं आणि त्यात बोटाएवढी पाण्याची टाकी. "अगं, आपली टाकी!" मास्तर ओरडले. माथ्यावर रस्ता सरळ झाला. बाईंनी तिसरा टाकला, मग जरा घुटमळून चौथा. गाडी खोकली. मागून काळा धूर निघाला. मास्तर धास्तावले, पण तेवढ्यात आतून काहीतरी मोकळं झाल्यासारखी ती हुंकारली आणि सुसाट निघाली. आवाज बदलला. घरघर गेली आणि एक गोल, भरलेला सूर लागला. ही आपलीच गाडी? मास्तरांनी डॅशबोर्डावर हात ठेवून बघितला. "अगं, ही पळते! हिला पळता येतं!"

"मलाही येतं की!" बाई वाऱ्याच्या आवाजावर ओरडल्या.

वळणामागे काय असेल ह्याची मास्तरांना आता भीती वाटेना, उलट कधी एकदा ते वळण येतंय असं होऊन गेलं. एका वळणामागे मेंढ्या निघाल्या, बाईंनी हळू केलं. एका वळणामागे पवनचक्की. पुढच्या वळणामागे थेट तळं! निळंशार आणि केवढं तरी मोठं. शहराच्या इतक्या जवळ हे होतं आणि आपण एवढी वर्षं टपाल कचेरी बघत बसलो! मास्तर तळ्याकडे बघतच राहिले.

पुढच्याच वळणावर रस्त्याच्या मधोमध एक मालट्रक उभा होता. चालक खाली बसून चाक बदलत होता.

गाडी थांबली. टायर किंचित किंचाळले, थर्मास मागच्या सीटवरून खाली पडला, मास्तर पट्ट्यात पुढे जाऊन मागे आले. ट्रक अजून भरपूर पुढे होता. चालकाने हात हलवला.

मास्तरांनी सवयीने ब्रेकवरचा पाय उचलायला घेतला, तर पाय तिथे नव्हता. त्यांनी खाली पाहिलं. चपला खाली एकीकडे पडल्या होत्या आणि ते सीटवर चक्क मांडी घालून बसले होते. कधी घातली होती कोण जाणे.

बाईंनी त्या मांडीकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे.

"दबला," त्या म्हणाल्या.

आणि दोघं इतकी हसली, इतकी हसली, की ट्रकवाला पाना हातात घेऊन काय झालं ते बघायला आला.

परत येताना त्यांनी मुद्दाम दुसरा रस्ता धरला आणि हरवली. दोनदा विचारावं लागलं, एकदा मागे फिरावं लागलं. घरी पोचेपर्यंत चहा गार झाला होता. तो गारच प्यायला आणि पुढच्या रविवारची चर्चा सुरू झाली.

परीक्षा महिना संपायच्या आदल्या दिवशी होती. आज बिनसलं तर पुस्तकांची गाडी गेली. परीक्षक बाई डाव्या सीटवर बसल्या, गाडी निघाली, टपाल कचेरीपाशी दिसेनाशी झाली. मास्तर खोलीत एकटे राहिले. त्यांनी तक्ता सरळ केला. टेलिफोन पुसला. खुर्चीत बसले तर टेबलाखाली उजवा पाय फरशी दाबतोय! त्यांनी त्याला हाताने धरून ठेवलं. आत्ता कुठे असेल ती? कोणता रस्ता? त्यांना काहीच माहीत नव्हतं, आणि करण्यासारखंही काही नव्हतं.

बऱ्याच वेळाने ते दारात येऊन इस्पितळाकडे नजर लावून उभे राहिले. त्यांच्या प्रत्येक शिष्याची गाडी तिकडूनच परत यायची. गाडी येईना. समोरून मिस्त्री ओरडला, "मास्तर! तिकडे काय बघताय? इकडे बघा, इकडे!"

मास्तर वळले. टपाल कचेरीच्या बाजूने, आजवर तिथून कधीच परत न आलेली त्यांची गाडी येत होती. उजवा इंडिकेटर लुकलुकत होता. भर रहदारीत ती थांबली, समोरच्या गाड्या जाऊ दिल्या आणि मग ऐटीत उजवीकडे वळून स्कूलच्या दारात उभी राहिली. मिस्त्रीने टाळ्या वाजवल्या.

परीक्षक बाई उतरल्या. "ब्रेकला पाय लावावाच लागला नाही मला," त्या सहज म्हणाल्या आणि कागदावर सही करून निघून गेल्या.

मास्तरांचे डोळे भरून आले होते. आत टेलिफोन वाजत होता.

"बसा," मास्तरीणबाई खिडकीतून म्हणाल्या.

"कुठे जायचं?"

"ते कुठे मला माहीत आहे!"

टेलिफोन वाजत राहिला. मास्तर डावीकडचं दार उघडून आत बसले. त्यांनी पट्टा लावला, चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर घेतले.