शेजारणीने काढलेला दाखला

तपासणीला आलेल्या साहेबांनी फळ्यावरची ओळ वाचायला सांगितली आणि चौथीतली माझी मुलगी नुसती उभी राहिली. आम्ही बायका दारातून बघत होतो.

"लाजून राहिली, साहेब," मास्तर म्हणाले.

"लाजती कशाची? शिकिवलंच न्हाई तिला," माझी शेजारीण बोलली. "लातूर नवा जिल्हा झाल्यापून मास्तर रोज तिथल्या हापिसात. हाय का न्हाई, अक्का?"

मी म्हणाले, "मास्तर चांगले हायत." दुष्काळ होता आणि आमच्या बैलांचा चारा छावणीचा अर्ज त्यांनीच लिहून दिला होता.

ही बाई मला कधी आवडली नाही. शाळेतून येणाऱ्या प्रत्येक पोराला अडवून विचारायची, "आज काय शिकिवलं रं?" स्वतःला सही येत नव्हती, पण ऐट साहेबाची.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या मुलीच्याच वर्गातल्या आपल्या लेकीचा दाखला काढला, पलीकडच्या गावच्या सरकारी शाळेत घालायला. माझ्या दारात थांबून म्हणाली, "चल की, तुझ्या पोरीचाबी काढू."

"असं चालतं व्हय?"

"शाळा काय सासर हाय, बदलता न यायला?"

मास्तर रागावतील म्हणून मी गेले नाही. ती रोज सकाळी रिकामी घागर घेऊन पोरीला दीड कोस सोडायला जायची आणि येताना तिथलं पाणी आणायची. मी दाराआडून बघायचे आणि जळायचे. तिने सांगूनही मला जमलं नाही, याचा राग मी तिच्यावरच काढला.

त्या वर्गातली एकटी तिचीच मुलगी दहावी झाली. माझ्या मुलीची शाळा चौथीतच सुटली.